विश्लेषण : ‘गुगलवर पहिला नंबर’ विकत मिळतो का? बॅकलिंकच्या बाजारात नेमके काय विकले जाते?

‘तुमची वेबसाइट पाहिली, छान आहे. पण गुगलच्या पहिल्या पानावर दिसत नाही. ५०० बॅकलिंक लावून देऊ. तीन महिन्यांत पहिला नंबर, गॅरंटीसह.’ अशा आशयाचा ईमेल किंवा व्हॉट्सॲप संदेश संकेतस्थळ सुरू केलेल्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी येतो. मग तो रत्नागिरीतील आंबा बागायतदार असो, दापोलीत होमस्टे चालवणारे कुटुंब असो, की नाशिकमधील दंतवैद्य. रक्कम परवडणारी असते, त्यामुळे ‘करून तर पाहू’ म्हणत होकारही दिला जातो. या पैशांत नेमके काय मिळते, गुगल त्याकडे कसे पाहते आणि बिघडले तर फटका कोणाला बसतो, याचा हा आढावा.

गुगल पहिला क्रमांक विकते का?

जाहिरातीची जागा विकते, क्रमांक विकत नाही. शोध घेतल्यावर वरच्या भागात ‘प्रायोजित’ अशी खूण असलेले जे निकाल दिसतात त्यांचे पैसे थेट गुगलला जातात. त्याखालचे नैसर्गिक निकाल गुगलची संगणकीय पद्धत ठरवते आणि त्यासाठी गुगल कोणाकडूनही पैसे घेत नाही. संकेतस्थळ या नैसर्गिक निकालांत वर यावे म्हणून त्याची बांधणी, मजकूर, वेग यांत सुधारणा करणे म्हणजे सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, अर्थात एसईओ. हे काम वैध आहे आणि ते चांगले करणारे व्यावसायिकही आहेत. मात्र पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, असे गुगलने संकेतस्थळ मालकांसाठीच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवले आहे.

हमी देणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा : पहिला नंबर, पण कोणत्या शब्दांसाठी? ‘दापोली होमस्टे’ या शब्दांसाठी मोठमोठ्या बुकिंग कंपन्यांशी स्पर्धा असते. पण ‘दापोली समुद्रकिनारी सोलकढीसह कौटुंबिक कौलारू होमस्टे’ या शब्दांसाठी पहिला नंबर आणणे सोपे आहे, कारण असे कोणी शोधतच नाही. हमी पाळली जाते, स्क्रीनशॉट पाठवला जातो आणि ग्राहक मात्र एकही वाढत नाही.

बॅकलिंकला एवढी किंमत कशी आली?

दुसऱ्या कोणाच्या संकेतस्थळावरून तुमच्या संकेतस्थळाकडे येणारा दुवा म्हणजे बॅकलिंक. तिचे महत्त्व समजण्यासाठी १९९०च्या दशकात जावे लागते. तेव्हाची शोधयंत्रे मुख्यतः पानावरचे शब्द मोजत. त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्याची युक्ती चालून जाई. वाचकाला काही दिसत नसे, यंत्राला मात्र पान अगदी महत्त्वाचे वाटे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९६च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांच्या प्रकल्पाचे सुरुवातीचे नावच ‘बॅकरब’ होते. कल्पना विद्यापीठाच्या वातावरणातूनच आलेली होती. शोधनिबंधाचे महत्त्व त्याचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला यावरून जोखण्याची पद्धत संशोधन क्षेत्रात रुळलेली होती. तोच नियम वेबला लावला, तर एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक ही शिफारस ठरते. पान स्वतःबद्दल काय म्हणते यापेक्षा इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात ते मोलाचे, असा हा विचार. पेज यांच्या आडनावावरून या पद्धतीला ‘पेजरँक’ हे नाव पडले.

यात प्रत्येक शिफारस सारख्या वजनाची नसते. ज्या पानाची स्वतःची पत मोठी, त्याच्या शिफारशीला वजन जास्त. शिवाय ते वजन पानावरच्या सगळ्या लिंकमध्ये वाटले जाते. दोनच लिंक देणाऱ्या पानाची शिफारस दोनशे लिंक देणाऱ्या पानाच्या शिफारशीपेक्षा भारी ठरते. गावच्या सरपंचाने एकाच होतकरू तरुणासाठी शब्द टाकणे वेगळे आणि दारात येईल त्याला शिफारसपत्र फाडून देणे वेगळे, तसाच हा हिशेब. पेजरँकचे पेटंट स्टॅनफर्डच्या नावावर होते. ते वापरण्याच्या परवान्याच्या बदल्यात विद्यापीठाला गुगलचे १८ लाख समभाग मिळाले. पुढे ते विकून विद्यापीठाने सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळवले.

पण शिफारशीला मोल आले की शिफारस विकणाराही उभा राहतो. त्यात गुगलने स्वतःच एक सोय करून दिली. ब्राउझरमध्ये बसवता येणाऱ्या त्याच्या टूलबारवर २००० पासून कोणत्याही पानाचा पेजरँक ० ते १० या आकड्यात दिसू लागला. वाचकाला माहिती म्हणून दिलेला हा आकडा लिंक विकणाऱ्यांसाठी थेट दरपत्रक बनला. सात क्रमांकाच्या पानावरची लिंक अमुक डॉलर, पाचच्या पानावरची तमुक. गुगलने हा जाहीर आकडा २०१६ मध्ये पूर्ण बंद केला, पण तोवर बाजार पुरता बसला होता.

जे. सी. पेनी प्रकरणात काय घडले होते?

या बाजाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण जे. सी. पेनी या १९०२ पासूनच्या अमेरिकी दुकानसाखळीचे आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या लक्षात आले की २०१० च्या नाताळच्या खरेदी हंगामात आणि त्यानंतरही कपडे, चादरी-अभ्रे, गालिचे, फर्निचर अशा कितीतरी सर्वसाधारण शब्दांसाठी गुगलवर पेनी पहिल्या क्रमांकावर येत होती. सॅमसोनाइटच्या बॅगा शोधल्या तर खुद्द सॅमसोनाइट कंपनीच्या संकेतस्थळाच्याही वर पेनी दिसे. एकच दुकान इतक्या वेगवेगळ्या वस्तूंसाठी एवढे लोकप्रिय कसे?

वृत्तपत्राने तज्ज्ञाकडून तपासणी करून घेतली तेव्हा वेगवेगळ्या संकेतस्थळांवरची २,०१५ पाने सापडली. त्यांवर ‘इव्हिनिंग ड्रेसेस’, ‘कॅज्युअल ड्रेसेस’ असे शब्द पेरलेले होते आणि त्यांवर बोट टेकवले की वाचक पेनीच्या कपड्यांच्या पानावर पोहोचे. ही संकेतस्थळे फॅशनची असती तर एकवेळ समजले असते. पण त्यांत घोरण्यावरचे, मासेमारीचे, स्नानगृहाच्या फरश्यांचे, दंतवैद्यकाचे, विनोदांचे अशी काहीही होती. अनेक तर निव्वळ लिंक ठेवण्यासाठी उभी केलेली ओसाड पाने होती.

फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलला हे दाखवले गेले आणि कंपनीने हाताने कारवाई केली. एका बुधवारी संध्याकाळी सात वाजता सॅमसोनाइट बॅगांच्या शोधात पेनी पहिली होती. दोन तासांनी ती ७१व्या क्रमांकावर गेली. बैठकीच्या खोलीतील फर्निचरसाठी पहिल्यावरून ६८व्या. या लिंक आपण लावल्या नाहीत आणि आपल्याला त्यांची कल्पनाही नव्हती, असे सांगत पेनीने आपल्या एसईओ सल्लागार कंपनीला काढून टाकले. शिक्षा उठायला सुमारे तीन महिने लागले.

पेनीकडे शेकडो दुकाने होती, दूरचित्रवाणीवर जाहिरात करण्याची ऐपत होती. तीन महिने गुगलवर न दिसण्याने तिचे नुकसान झाले, पण ती बुडाली नाही. एप्रिल-मे या दोन महिन्यांत वर्षाची विक्री उरकणाऱ्या आंबा बागायतदाराला मात्र तीन महिने म्हणजे अख्खा हंगाम. ‘आम्हाला माहीत नव्हते, सल्लागाराने केले’ हा बचाव गुगल मानत नाही, कारण शिक्षा संकेतस्थळाला होते, ते काम करून देणाऱ्याला नाही.

यात वृत्तपत्रेही सापडली का?

हो, आणि हे वृत्तपत्रानेच सांगितलेले बरे. ब्रिटनमधील इंटरफ्लोरा ही फुले घरपोच देणारी मोठी कंपनी. २०१३ च्या फेब्रुवारीत ती गुगलच्या निकालांतून अचानक गायब झाली. इतकी, की ‘इंटरफ्लोरा’ हे तिचे स्वतःचे नाव टाकले तरी तिचे संकेतस्थळ वर येत नव्हते. ब्रिटनचा मातृदिन, म्हणजे फुलांच्या विक्रीचा मोठा दिवस, तेव्हा जेमतेम दोन-तीन आठवड्यांवर होता. आधीच्या काही आठवड्यांत ब्रिटनमधील अनेक प्रादेशिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर इंटरफ्लोराविषयी लेखवजा जाहिराती झळकल्या होत्या आणि त्यांत लिंक होत्या. गुगलने कंपनीवर तर कारवाई केलीच, पण ते मजकूर छापणाऱ्या वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांचा पेजरँकही घसरला. सुमारे ११ दिवसांनी, त्या लिंकची साफसफाई केल्यावर, इंटरफ्लोरा परतली.

खुद्द गुगलही यातून सुटलेले नाही. २०१२ च्या जानेवारीत क्रोम ब्राउझरच्या प्रचारमोहिमेत पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात क्रोमकडे जाणारी लिंक आढळली. तेव्हा गुगलला आपल्याच क्रोमच्या पानाचे स्थान किमान ६० दिवसांसाठी खाली आणावे लागले.

लेखवजा जाहिरात देणे हा गुन्हा नाही, गुगलच्या लेखीही नाही. आक्षेप आहे तो पैसे घेऊन दिलेल्या लिंकला नैसर्गिक शिफारस म्हणून खपवण्याला. त्यासाठी २००५ मध्येच ‘नोफॉलो’ नावाची एक अदृश्य खूण आली. ती लावली की लिंक चालते, वाचक जातो-येतो, पण शिफारशीचे वजन पुढे सरकवू नये, असे शोधयंत्राला कळते. २०१९ पासून पैसे घेतलेल्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूणही आहे. लिंक विकणाऱ्याचे सारे गिऱ्हाईक ही खूण न लावण्यावर अवलंबून असते. त्याच्या दरपत्रकात ‘डू-फॉलो’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो तो यामुळेच.

गुगलने नंतर काय बदलले?

माणसे बसवून एकेक संकेतस्थळ तपासणे शक्य नव्हते. २४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने ‘पेंग्विन’ नावाची स्वयंचलित पद्धत लागू केली. कृत्रिम लिंकवर वाढलेली संकेतस्थळे ती आपोआप खाली ढकले. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर तिचा परिणाम झाला, असे गुगलने तेव्हा सांगितले होते. आकडा लहान वाटतो, पण ज्यांचा धंदा त्या ३.१ टक्क्यांत होता त्यांच्यासाठी तो शंभर टक्के होता.

पेंग्विनची खरी जाच वेगळीच होती. ती सतत चालत नसे, अधूनमधून एकदा चालवली जाई. एकदा तिच्या कचाट्यात सापडलेल्या मालकाने सगळ्या वाईट लिंक काढून टाकल्या तरी पुढची फेरी येईपर्यंत सुटका नसे. ऑक्टोबर २०१४ नंतरची पुढची फेरी थेट सप्टेंबर २०१६ मध्ये आली, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. या काळात अनेक लहान व्यावसायिकांनी जुने संकेतस्थळ सोडून नव्या नावाने पुन्हा सुरुवात केली.

२०१६ मध्ये पद्धत बदलली. पेंग्विन गुगलच्या मुख्य यंत्रणेचा भाग झाली आणि कृत्रिम लिंक दिसली की संकेतस्थळाला शिक्षा करण्याऐवजी त्या लिंककडे दुर्लक्ष करण्याकडे कल वळला. २०२२ च्या अखेरीस ‘स्पॅमब्रेन’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित यंत्रणाही याच कामाला जुंपली गेली. लिंक विकणारी संकेतस्थळे ओळखणे आणि त्यांच्या लिंकचे वजन शून्य करणे हे तिचे काम. मार्च २०२४ मध्ये जुनी, बंद पडलेली डोमेन केवळ त्यांच्या पूर्वपुण्याईसाठी विकत घेणे आणि नामांकित संकेतस्थळाच्या आडोशाने तिसऱ्याचाच मजकूर वर आणणे, हे दोन्ही गुगलने नियमभंग ठरवले. त्यातल्या दुसऱ्या नियमाचा फटका अमेरिकेतील काही मोठ्या वृत्तपत्रांच्या कूपन विभागांना बसला.

मग आज ५०० बॅकलिंक घेतल्या तर काय होते?

बहुतेक वेळा काहीच होत नाही. खरा तोटा हाच आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ‘गुगल शिक्षा करील’ ही भीती सगळे दाखवतात. प्रत्यक्षात बहुसंख्य विकत लिंक मोजल्याच जात नाहीत. पैसे गेले, महिने गेले, अहवालात हिरवे बाण दिसत राहिले आणि फोन मात्र वाजला नाही.

काही हजारांत ५०० लिंक कशा बसतात याचे गणित केले तरी पुरे. त्यांतल्या बऱ्याचशा परदेशी संकेतस्थळांच्या प्रतिक्रियांच्या रकान्यात सॉफ्टवेअरने टाकलेल्या असतात. काही कोणी न वाचणाऱ्या व्यवसाय सूचींमध्ये, काही रिकामी सदस्य खाती उघडून त्यांच्या ओळखीच्या रकान्यात. जरा महाग पॅकेज असेल तर विक्रेत्याच्या स्वतःच्या जाळ्यातील संकेतस्थळांवर. बंद पडलेली पन्नास-शंभर डोमेन घेऊन त्यांवर यंत्राने लिहिलेले लेख टाकायचे आणि त्यांतून सगळ्या ग्राहकांना लिंक वाटायच्या, अशी ही पद्धत. एकाच पानावर कर्जवाटप, केसगळतीचे औषध आणि कोकणातला होमस्टे शेजारी शेजारी बसलेले दिसले की समजून घ्यावे.

ग्राहकाला पटवण्यासाठी ‘डीए ५० प्लस’ असे आकडे दिले जातात. डोमेन अथॉरिटी हा मॉझ या खासगी कंपनीचा अंदाज आहे. एचरेफ्स या दुसऱ्या कंपनीचा असाच ‘डीआर’ आहे. अभ्यासासाठी ही साधने उपयोगी पडतात. पण गुगल क्रमांक ठरवताना हे आकडे वापरत नाही आणि ते फुगवून देणारेही याच बाजारात बसलेले आहेत. टूलबारवरचा पेजरँक बंद झाला, त्याची जागा या आकड्यांनी घेतली, एवढेच.

दुर्लक्ष हा नियम झाला तरी शिक्षा पूर्ण संपलेली नाही. प्रमाण मोठे असेल किंवा प्रकार उघड असेल तर आजही गुगलचा कर्मचारी ‘मॅन्युअल ॲक्शन’ म्हणजे हाताने कारवाई करतो. तशी सूचना सर्च कन्सोल या गुगलच्या मोफत साधनात येते. तेथे जाऊन चूक दुरुस्त केल्याचे दाखवत फेरविचाराचा अर्ज करावा लागतो. ज्या मालकाचे सर्च कन्सोल खातेच नाही किंवा ज्याचा पासवर्ड एजन्सीकडे आहे, त्याला आपल्यावर कारवाई झाली हेही कळत नाही.

याच धंद्याची दुसरी बाजू म्हणजे घबराट विकणे. ‘तुमच्या साइटवर २०० विषारी लिंक आहेत, साफ करून देतो’ असा फोन येतो. नको असलेल्या लिंक नाकारण्याचे साधन गुगलने २०१२ मध्ये दिले खरे, पण बहुतेक संकेतस्थळांना त्याची गरज नाही, असे गुगलच सांगते. कोणीही, कुठूनही भलत्या लिंक लावू शकतो हे यंत्रणेला ठाऊक आहे आणि त्या मोजल्या जात नाहीत. स्वतः लिंक विकत घेतल्या नसतील आणि सर्च कन्सोलमध्ये कारवाईची सूचना नसेल, तर त्या साफसफाईवर एक रुपयाही खर्चू नये.

आपल्याच संकेतस्थळावरून लिंक विकली जात असेल तर?

मालकाच्या नकळत हेही घडते. जुने वर्डप्रेस, अद्ययावत न केलेले प्लगइन किंवा सोपा पासवर्ड असला की हल्लेखोर आत शिरून जुगाराच्या किंवा औषधांच्या संकेतस्थळांच्या लिंक दडवून ठेवतात. पान उघडल्यावर त्या दिसत नाहीत, शोधयंत्राला मात्र दिसतात. २०२४ मध्ये भारतातील काही राज्य सरकारांच्या संकेतस्थळांवरही ऑनलाइन सट्टेबाजीकडे नेणारी पाने पेरलेली आढळली होती. सरकारी डोमेनची पत मोठी, म्हणून चोरांना तीच हवी असते. तपासण्याचा सोपा उपाय असा : गुगलच्या चौकटीत रोमन लिपीत ‘साइट’ हा शब्द, मग अपूर्णविराम आणि लगेच आपल्या संकेतस्थळाचा पत्ता टाकायचा. आपण कधीही न लिहिलेली पाने यादीत दिसली तर संकेतस्थळ बनवून देणाऱ्याला त्याच दिवशी फोन करायचा.

खरी लिंक कशी मिळते?

लिंकचे महत्त्व संपलेले नाही, पण पूर्वीइतके उरलेलेही नाही. क्रमांक ठरवणाऱ्या पहिल्या तीन घटकांत लिंक आता नाही, असे गुगलच्याच गॅरी इलिस यांनी २०२३ मध्ये सांगितले होते. एसईओ क्षेत्रातील अनेकांना ते पूर्ण पटलेले नाही. मात्र संख्येपेक्षा लिंक कुठून आली याला महत्त्व आहे, याबद्दल फारसा वाद नाही.

लहान व्यावसायिकासाठी सुरुवात लिंकपासून होतच नाही. दंतवैद्य, क्लास, होमस्टे, गॅरेज अशा एका गावाशी बांधलेल्या व्यवसायासाठी गुगल बिझनेस प्रोफाइल आधी भरावे. ते मोफत आहे आणि नकाशासह दिसणारे निकाल त्यातूनच येतात. पत्ता, वेळा, खरी छायाचित्रे आणि ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तरे इतके नीट ठेवले तरी अनेक ठिकाणी शेकडो विकत लिंकपेक्षा जास्त फरक पडतो.

त्यानंतर प्रश्न असा की कोणी तुम्हाला लिंक का द्यावी? ‘आमचा हापूस सर्वोत्तम’ या वाक्याला कोणी लिंक देत नाही. पण कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते कोणत्या जिल्ह्यांना लागू आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी कशी होते, कर्नाटकातून येणारा आंबा आणि कोकणातला हापूस देठाजवळून, सालीवरून, वासावरून कसा ओळखावा, पेटीतल्या आंब्याचे वजन आणि डझन यांचा हिशेब काय, घरी अढी कशी लावावी, हे सारे बागायतदाराइतके कोणाला ठाऊक असणार? स्वतःच्या बागेतल्या छायाचित्रांसह हे लिहिलेले पान पाककृती लिहिणारे, पत्रकार आणि परदेशातील महाराष्ट्र मंडळे स्वतःहून पुढे पाठवतात. हंगाम सुरू होण्याआधी, डिसेंबर-जानेवारीत ते तयार असले पाहिजे. गुगलला नवे पान ओळखून त्याची पत ठरवायला वेळ लागतो आणि एप्रिलमध्ये लिहिलेले पान बहुधा पुढच्या वर्षीच्या उपयोगाचे असते.

वेळास, आंजर्ले या गावांतील होमस्टेंचेही तसेच. कासवाची पिल्ले समुद्रात सोडली जातात त्या दिवसांत शेकडो लोक ‘पिल्ले कधी दिसतील, एसटी कुठून मिळेल, किनाऱ्यावर टॉर्च चालते का’ हे शोधत असतात. याची दर हंगामात अद्ययावत केलेली उत्तरे देणाऱ्या पानाला निसर्गप्रेमी संस्था आणि प्रवासवर्णने लिहिणारे लिंक देतात, कारण ती त्यांच्या वाचकांच्या कामाची असते.

मराठीत याला आणखी वाव आहे. एकच आंबा लोक ‘हापूस’, ‘हापुस’, ‘अल्फान्सो’, ‘देवगड’ अशा नाना नावांनी, कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत मराठी लिहून शोधतात. इंग्रजीत ज्या प्रश्नाला हजार पाने उत्तर देत असतात, त्याला मराठीत धड एकही पान नसते. तेथे चांगल्या पानाला वर यायला लिंकांचे डोंगर लागत नाहीत.

आधीपासून हक्काच्या असलेल्या लिंकही अनेकदा मागायच्या राहून जातात. ज्या उत्पादक संघाचे आपण सभासद आहोत, ज्या कंपनीचे अधिकृत विक्रेते आहोत, ज्या शाळेच्या कार्यक्रमाला जागा दिली, ज्या वृत्तपत्राने बातमी छापली पण संकेतस्थळाचा पत्ता दिला नाही, त्यांना एक विनंतीचा ईमेल पुरतो. येथे एक पथ्य मात्र पाळावे. मोबदला देऊन लिंक घेऊ नये, मग तो रोख नसला तरी. अमेरिकेतील ओव्हरस्टॉक या ऑनलाइन दुकानाने विद्यार्थी-प्राध्यापकांना सवलत देऊन त्या बदल्यात विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर लिंक मिळवल्या होत्या. पेनीपाठोपाठ २०११ मध्येच त्यालाही शिक्षा झाली.

एआय उत्तरांमुळे हे सगळे जुने झाले का?

२०२४ पासून भारतातही अनेक शोधांवर गुगल लिंकच्या यादीआधी एआयने लिहिलेला सारांश दाखवते. वाचकाला तेथेच उत्तर मिळाले तर तो संकेतस्थळावर येत नाही. माहितीवर चालणाऱ्या संकेतस्थळांना, वृत्तपत्रांसकट, याची झळ बसते आहे. प्रत्यक्ष आंबा, खोली किंवा दाताचा उपचार विकणाऱ्याला ती तुलनेने कमी, कारण सारांश वाचून दात भरून निघत नाही. एजन्सींनी पाट्या मात्र बदलल्या आहेत. ‘बॅकलिंक’च्या जागी ‘एआयमध्ये तुमचे नाव आणून देऊ’ असे पॅकेज दिसू लागले आहे. आत बहुधा तोच माल आहे : कोणी न वाचणाऱ्या संकेतस्थळांवर पेरलेले, पैसे देऊन छापलेले लेख.

एजन्सी नेमायचीच असेल तर काय पाहावे?

संख्येवर करार करू नये. महिन्याला इतक्या लिंक असे लिहिले की एजन्सी त्या संख्येमागे लागणार, हे उघड आहे. प्रत्येक लिंकचा पूर्ण पत्ता दर महिन्याला मागावा आणि त्यांतली पाच-दहा पाने स्वतः मोबाइलवर उघडून पाहावीत. जे पान आपण ग्राहकाला दाखवायला लाजू, त्या पानावरची लिंक कामाची नाही, एवढी कसोटी तंत्रज्ञान न कळणाऱ्यालाही लावता येते. ‘आमची पद्धत गोपनीय आहे’ असे उत्तर आले तर तेथेच थांबावे. अहवालात क्रमांकाबरोबर सर्च कन्सोलमधील प्रत्यक्ष क्लिक आणि आलेले फोन किंवा बुकिंग यांचाही हिशेब मागावा.

डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइल ही चारही खाती मालकाच्या स्वतःच्या ईमेलवर असावीत. एजन्सीला त्यांत केवळ काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. सर्च कन्सोल आणि बिझनेस प्रोफाइलमध्ये तशी सोय आहे आणि काम संपल्यावर तो प्रवेश काढून घेता येतो. डोमेन एजन्सीच्या नावावर घेतलेले असेल तर करार मोडताना वर्षानुवर्षे जमवलेल्या खऱ्या लिंक आणि ग्राहकांच्या तोंडी बसलेला पत्ता, दोन्ही तिच्याकडे राहतात. डोमेन कोणाच्या नावावर आहे ते नोंदणी कंपनीच्या बिलावर पाहायला मिळते. ते बिल मालकाकडे नसेल तर नूतनीकरणाची तारीख उलटण्याआधी मागून घ्यावे.